धारूरचा किल्ला

धारूरचा किल्ला हा महाराष्ट्राच्या बीड जिल्ह्यातील बालाघाट डोंगररांगेवर असलेला मध्ययुगीन किल्ला आहे. त्याच्या बहुतेक बाजूंना दऱ्या असून शहराकडील बाजू तेवढी सपाट आहे.

विजापूरची आदिलशाही व अहमदनगरची निजामशाही यांच्या सरहद्दीवर, पहिल्या अली आदिलशाहाचा सरदार किश्वरखान लारी याने तो इ.स. १५६० च्या दशकात बांधला. सरहद्दीचे रक्षण एवढाच हेतू त्यामागे नव्हता. निजामशाही मुलखात पुढे सरकण्यासाठीचा तो लष्करी तळ होता. त्यामुळे १५६९ मध्ये आई खुंझा हुमायून हिच्या हातून सत्ता घेतल्यावर मुर्तझा निजामशाहाने लगेच धारूरवर स्वारी केली. फिरिश्ता या इतिहासकाराच्या वृत्तांतानुसार वेढ्यात वेळ न दवडता थेट हल्ला झाला, बाण लागून किश्वरखान मरण पावला आणि किल्ला निजामशाहीकडे गेला. ज्यांच्याविरुद्ध तो उभारला, त्यांचीच ती सरहद्दीची चौकी झाली. जानेवारी १६३१ मध्ये, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ असताना, शाहजहानचा सेनापती आझमखान याने तो जिंकला.

मध्ययुगीन साधनांत धारूरचा उल्लेख फत्तेहाबाद असाही येतो. ते नाव मागे पडले. शहर मात्र आजही ‘किल्ले धारूर’ म्हणूनच ओळखले जाते.