मेंदूचा निरोप, अंडाशयाचे उत्तर

फलटण-लोणंदच्या माळावर चरणारी दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने घडवलेली ‘नारी सुवर्णा’ त्याच माळावर अनेकदा जुळी देते. हे कसे घडते, असा प्रश्न ज्याला पडला तो प्रजननाच्या संप्रेरकशास्त्राच्या दारात पोहोचलाच.

सुरुवात मेंदूच्या तळाशी होते. हायपोथॅलॅमसमधल्या मोजक्या चेतापेशी अवघ्या १० अमिनो आम्लांचे ‘जीएनआरएच’ हे संप्रेरक स्रवतात. १९७१मध्ये अँड्र्यू शॅली यांच्या गटाने डुकरांच्या मेंदूंतून त्याची रचना उलगडली. रॉजर गिलमँ यांचा गट मेंढ्यांच्या मेंदूंतून त्याच रेणूपर्यंत पोहोचला. १९७७च्या नोबेल पारितोषिकात दोघेही होते. हे संप्रेरक पीयूषिका ग्रंथीकडे संथ धारेने जात नाही, ठरावीक अंतराने सुटते. ते तासातासाने दिले तर पीयूषिका काम करते, अखंड दिले तर थंडावते, हे अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने १९७८मध्ये माकडिणींवर दाखवून दिले.

पीयूषिकेच्या ‘एफएसएच’मुळे अंडाशयातली बीजपुटके वाढतात. ती वाढताना इनहिबिन सोडून एफएसएचला आवर घालतात आणि इस्ट्रोजेनही तयार करतात. इस्ट्रोजेन पुरेसे चढले की मेंढी माजावर येते, पीयूषिकेतून ‘एलएच’चा लोंढा सुटतो आणि बीज बाहेर पडते. म्हणजे हुकूम एकतर्फी नाही. अंडाशयही मेंदूला उत्तर देतो.

फलटणच्या जुळ्यांचे मर्म या उत्तरातच आहे. सुंदरबनच्या गारोळ मेंढीकडून नारी सुवर्णात ‘फेकबी’ हा जनुकीय बदल आला. त्याचे नेमके स्थान २००१मध्ये सापडले. या बदलामुळे पुटके आकाराने लहान असतानाच एलएचला प्रतिसाद देऊ लागतात आणि एकाऐवजी दोन-तीन बीजे सुटतात.

सांगलीकडच्या गोठ्यात हेच शास्त्र वेगळ्या अडचणीत भेटते. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका राहतो: बीज सुटते, पण म्हैस ओरडत नाही. पहाटेची चिकट बळस (माजातला स्राव) नजरेतून निसटली, तर पुढच्या माजापर्यंत साधारण २१ दिवस वाट पाहायची. अशा वेळी नुसते इंजेक्शन टोचून भागत नाही. माजावर आणणारे प्रोस्टाग्लँडिन अंडाशयात पक्व पीतपिंड (बीज सुटल्यावर पुटकाच्या जागी बनणारी ग्रंथी) असेल तरच लागू पडते. म्हणून आधी अंडाशय तपासायचे, मग औषध ठरवायचे.

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्यांनी आणि गोठा सांभाळणाऱ्यांनीही हा विषय याच क्रमाने वाचावा. प्रत्येक संप्रेरकापाशी दोन प्रश्न विचारावेत: ते कोणाला काय सांगते, आणि ऐकणारा त्या वेळी कोणत्या अवस्थेत आहे? दुसरा प्रश्न विसरला की निदान चुकते आणि शेतकऱ्याचे एक वेत लांबते.