वारा खाणारा आणि बोकड गिळणारा : सापाच्या भुकेचा इतिहास

१/ ‘बॉल पायथन पाळला आहे, त्याला किती आणि दर किती दिवसांनी खाऊ घालावे?’ हा प्रश्न आता नांदेड-लातूरकडील तरुणांच्या तोंडीही ऐकू येतो. वरवर तो प्राणिपालनाचा वाटतो. परंतु साप किती खातो, हे कुतूहल दीड हजार वर्षांहून जुने आहे आणि त्याचे एक सुंदर उत्तर मराठवाड्यातील एका संताच्या ग्रंथात सापडते. #थ्रेड

२/ आरंभ शब्दांपासून करू. अमरकोशात सर्पाच्या अनेक नावांमध्ये एक नाव आहे ‘पवनाशन’, म्हणजे वारा हेच ज्याचे अन्न आहे असा. हे नाव केवळ कविकल्पनेतून आले नसावे. पेटीत किंवा टोपलीत ठेवलेला साप आठवडेच्या आठवडे काही न खाता जिवंत राहतो, हे पाहणाऱ्याला दुसरे काय सुचणार? अन्न दिसत नाही, प्राण तर आहे. तेव्हा तो वाऱ्यावरच जगत असला पाहिजे.

३/ आता दुसरा शब्द पाहा : अजगर. ‘अज’ म्हणजे बोकड; त्याला गिळून टाकणारा तो अजगर. एकाच प्राणिकुळाला भाषेने दोन टोकांची नावे दिली. एक म्हणते, हा काहीच खात नाही; दुसरे म्हणते, हा अख्खा बोकड गिळतो. ही दोन्ही निरीक्षणे खरी आहेत. पूर्वजांनी मेजवानी पाहिली, उपवासही पाहिला. त्या दोहोंना जोडणारा धागा मात्र शास्त्राच्या हाती फार उशिरा लागला.

४/ तत्त्वचिंतनाला तो त्याआधीच सापडला होता. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो आणि आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगतो. पृथ्वी, वायू, आकाश, जल अशा क्रमाने येणाऱ्या या गुरूंमध्ये नववा गुरू आहे अजगर. बाविसावा गुरू पुन्हा सर्पच : एकटा राहणारा, स्वतःचे घर न बांधणारा.

५/ मराठी परंपरेने हा अवधूत म्हणजे दत्तात्रेय मानला आणि दत्तात्रेयांचे एक प्रमुख स्थान आहे नांदेड जिल्ह्यातील माहूर. श्रद्धा अशी की, दत्तगुरू भिक्षेला कोल्हापुरास जातात आणि निद्रेसाठी माहुरास येतात. अजगराला गुरू मानणाऱ्याच्या दिनचर्येत भिक्षा आणि निद्रा या दोनच गोष्टींना एवढे महत्त्व असावे, ही जुळणी मोठी गमतीची आहे.

६/ या एकादश स्कंधावर विस्तृत मराठी टीका लिहिली ती पैठणच्या एकनाथांनी. पैठणात आरंभलेला हा ग्रंथ काशीत शके १४९५ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७३ मध्ये पूर्ण झाला. ‘एकनाथी भागवत’ या नावाने तो आजही गावोगावी वाचला जातो. अजगराच्या आहाराचा विचार त्यामुळे संस्कृत पोथीपुरता उरला नाही. तो मराठी श्रोत्यांच्या कानी पडला.

७/ तो विचार थोडक्यात असा : जे आपोआप समोर येईल ते घ्यावे, गोड असो वा बेचव, थोडे असो वा पुष्कळ. काहीच आले नाही, तर पुष्कळ दिवस निश्चल पडून राहावे, धडपड करू नये. यातील महत्त्वाची बाब पुढेच आहे. अजगर निश्चल असतो तो दुर्बल म्हणून नव्हे; अंगात बळ असूनही तो स्थिर असतो. ‘अजगरासारखा सुस्त’ हा आपला वाक्प्रचार त्याच्यावर अन्यायच करतो.

८/ म्हणजे आपल्या परंपरेच्या एका शाखेने सापाची भूक बारकाईने पाहिली होती. दुसऱ्या शाखेने मात्र स्वतःची भूक सापावर लादली. श्रावण शुद्ध पंचमीला नागाला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखविण्याची रीत आपल्या घराघरांत आहे. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, चिरायचे-तळायचे नाही, पुरणाची दिंडे उकडायची. नांगराच्या फाळाखाली नागाची पिल्ले मेल्याची कथा या नियमांच्या मुळाशी सांगितली जाते.

९/ या आचारात शेतकऱ्याची जीवदया आहे, हे मान्य करावेच लागते. भिंतीवर काढलेल्या किंवा मातीच्या नागाला दूध दाखविले, तर कोणाचेही नुकसान नाही. अडचण जिवंत नागापाशी सुरू होते. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचे अन्न. सापाची पचनसंस्था अखंड गिळलेल्या भक्ष्यासाठी घडलेली आहे. दूध पचविण्याची सोय तिच्यात नाही.

१०/ मग पंचमीला साप दूध पिताना कसा दिसे? कारण त्याला तहान लागलेली असे. सणाच्या आधी पकडलेला, अनेकदा दात उपटलेला साप दिवसेंदिवस पाण्यावाचून टोपलीत ठेवला जाई. अशा जिवापुढे कोणताही द्रव आला, तरी तो पितोच. भक्तांना तो नैवेद्याचा स्वीकार वाटे. पुढे दूध न पचल्याने, फुप्फुसात गेल्याने किंवा तोंडातील जखमा चिघळल्याने पुष्कळ साप मरत. पण तोवर मिरवणूक पुढे गेलेली असे.

११/ गारुड्याला खलनायक ठरवून हा विषय संपत नाही. टोपली, पुंगी आणि गावोगावची भटकंती हेच त्याचे पिढीजात पोट होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप वाचविण्याची वाट उघडली. त्याच वाटेवर या समाजाची उपजीविका गेली. सापाच्या भुकेचा इतिहास लिहिताना माणसाच्या या भुकेची नोंद राहिली पाहिजे.

१२/ सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यात जिवंत नागांची पूजा प्रसिद्ध होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर तिच्यावर बंधने आली. लोकशिक्षणाचे कामही समांतर चालू होते. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. ‘साप दूध पीत नाही’ हे वाक्य आज शाळकरी मुलेही म्हणतात, त्यामागे अशा अनेकांचे श्रम आहेत.

१३/ साप दूध पीत नाही, मग खातो काय? आपल्याकडील शेतात याचे उत्तर प्रामुख्याने उंदीर असे आहे. धामण, नाग, घोणस हे सारे त्यावर जगतात. उंदीर वाढले की काय होते, हे मराठवाड्याने जवळून पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिवची गावे जमीनदोस्त केली. पुढच्याच वर्षी बीड जिल्ह्यातील मामला गावात प्लेगचे रुग्ण आढळले.

१४/ पडक्या घरांत राहिलेले धान्य, साठविलेली मदत आणि विस्कटलेली बिळे यांमुळे उंदीर वाढले व पिसवांमार्फत रोग माणसांपर्यंत आला, असा संबंध अनेक अभ्यासकांनी जोडला आहे. एकटे साप ही साथ थांबवू शकले असते असे नव्हे. पण आपल्या धान्याच्या कोठारापासून सापाच्या पोटापर्यंत एक साखळी आहे, आणि शेतातल्या सापाला आपण काहीही भरविण्याची गरज नाही, एवढे यातून उमगते.

१५/ आता मूळ कोड्याकडे वळू : बोकड गिळणारा वाऱ्यावर कसा जगतो? पक्षी आणि सस्तन प्राणी शरीर उबदार ठेवण्यासाठी अन्न जाळतात. साप ती ऊब बाहेरून घेतो. त्यामुळे त्याचा रोजचा खर्च अत्यल्प असतो. अमेरिकी संशोधक फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी १९३२ च्या ग्रंथात मोठ्या सरीसृपांच्या चयापचयाची मोजमापे मांडली, तेव्हा या काटकसरीला आकड्यांचा आधार मिळाला.

१६/ १९९० च्या दशकात स्टीफन सीकोर आणि जॅरेड डायमंड यांनी ब्रह्मी अजगरावर प्रयोग केले. उपवासात अजगराचे आतडे जणू मिटून ठेवलेले असते. भक्ष्य पोटात जाताच ते एक-दोन दिवसांत दुपटीच्या आसपास वाढते. चयापचयाचा वेग मोठ्या भक्ष्यानंतर चाळीस पटींहून अधिक झाल्याची नोंद आहे. २००५ च्या ‘नेचर’मधील एका शोधनिबंधात ४८ तासांत हृदयाचा स्नायू ४० टक्क्यांनी वाढल्याचे नोंदले गेले.

१७/ म्हणजे प्रत्येक जेवण हा अजगराच्या शरीराला मोठ्या कार्याइतका खटाटोप असतो : मांडव घालायचा, चुली पेटवायच्या, आणि काम उरकले की सारे पुन्हा आवरून ठेवायचे. दर दोन-तीन दिवसांनी उंदीर देणारा मालक हा मांडव कधी उतरूच देत नाही. ‘पवनाशन’ आणि ‘अजगर’ ही दोन नावे इथे एकत्र येतात. उपवास हा त्याच्या आहाराचाच दुसरा अर्धा भाग आहे.

१८/ बॉल पायथन याच कुळातला, पण आटोपशीर बांध्याचा. घर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत. भय वाटले की अंगाचा चेंडू करून डोके आत लपवितो, म्हणून हे नाव. बेनिन देशातील विदा या नगरात त्याला पवित्र मानतात. अठराव्या शतकाच्या प्रारंभी डच व्यापारी विलेम बोस्मान याने तेथील सर्पपूजेचे वर्णन प्रसिद्ध केले होते.

१९/ विदाच्या मंदिरातील अजगरांना रात्री बाहेर सोडतात; ते आपले भक्ष्य आपण शोधतात. एखादा कोणाच्या घरात शिरला, तर त्याला आदराने परत आणून सोडतात. पूजा तीही आणि पूजा आपलीही. तेथे सापाची भूक सापाकडेच ठेवली गेली. टोपलीतील नागाची भूक मात्र माणसाने ठरविली. काचेच्या पेटीतील बॉल पायथनची भूकही आज माणूसच ठरवितो; म्हणून जबाबदारी त्याची.

२०/ आता प्रत्यक्ष उत्तर. पहिल्या वर्षातील पिल्लाला आठवड्यातून एकदा, त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के वजनाचा उंदीर. वाढत्या सापाला १० ते १४ दिवसांनी, प्रमाण थोडे कमी. पूर्ण वाढलेल्याला २ ते ४ आठवड्यांनी, वजनाच्या सुमारे ५ टक्के. भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाहून फारशी अधिक नसावी.

२१/ हिशेब करून पाहा. दीड किलोच्या सापाला ७५ ग्रॅमचा उंदीर दर २-३ आठवड्यांनी दिला, तर वर्षाला १७ ते २६ उंदीर, म्हणजे सुमारे सव्वा ते दोन किलो अन्न झाले. वर्षभराचा आहार जेमतेम स्वतःच्या वजनाएवढा! मांजर आपल्या वजनाएवढे अन्न महिन्याच्या आतच संपविते. सापाला मांजराच्या मापाने जेवू घातले, तर चरबी साठते, यकृत बिघडते आणि आयुष्य घटते.

२२/ आणखी काही नियम. गोठविलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून द्यावा. जिवंत उंदीर सापालाच चावतो. जेवणानंतर दोन दिवस सापाला हाताळू नये. अन्न उलटून टाकले, तर किमान दहा दिवस पुन्हा देऊ नये. पेटीची उबदार बाजू ३१-३२ अंश असावी. आपल्याकडे पौष-माघाच्या रात्री पारा बराच उतरतो. थंड पोटात उंदीर पचत नाही, कुजतो. पाणी मात्र सदैव हवे.

२३/ निरोगी प्रौढ बॉल पायथन हिवाळ्यात किंवा विणीच्या काळात कित्येक आठवडे, कधी काही महिनेही अन्न नाकारतो. मालक घाबरून बळेच भरवू लागतो. तसे करू नये. दर पंधरवड्याला वजन नोंदवावे. वजन टिकून असेल, तर वाट पाहावी. ते सातत्याने घटत असेल, श्वासाचा आवाज येत असेल किंवा पिल्लूच उपाशी राहत असेल, तर पशुवैद्याकडे न्यावे.

२४/ कायदाही जाणून घ्या. बॉल पायथन ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा विदेशी प्राण्यांची ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी आवश्यक ठरली. आपला देशी अजगर, नाग किंवा मांडूळ घरात ठेवणे हा गुन्हा आहे. मांडुळाची तर तस्करीत वजनावर किंमत ठरते. म्हणून वजन वाढविण्यासाठी त्याला बळेच काहीबाही भरविले जाते. भरविण्याचे हे सर्वांत क्रूर रूप.

२५/ शेतात आढळणारे अजगराचे पिल्लू पुष्कळदा घोणस समजून मारले जाते. त्याला मारू नका, घरीही आणू नका. जाणत्या सर्पमित्रामार्फत वनविभागाला कळवा. आणि रीतसर नोंदलेला बॉल पायथन तुमच्याकडे असेल, तर पैठणकरांच्या ग्रंथातील नवव्या गुरूची शिकवण उलटी वाचा. अवधूत म्हणतो, आपोआप येईल त्यावर अजगर राहतो. पेटीतल्या अजगरापुढे आपोआप काहीच येत नाही. जे येते ते तुमच्या हातून येते. तो हात आवरता येणे हीच त्याची सेवा.

धागा उपयुक्त वाटला, तर साप पाळण्याच्या विचारात असलेल्या मित्रापर्यंत अवश्य पोहोचवा. #इतिहास #मराठवाडा #सर्पविज्ञान