उंबऱ्यावरचे पैसे

माझी आजी वाण्याच्या दुकानात गेली की पैसे त्याच्या हातात देत नसे. उंबऱ्यावर ठेवी आणि दोन पावलं मागे सरे. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. दुकानदार तरुण होता, चांगला होता. "आजी, हातात द्या की," म्हणायचा. आजी नुसती हसायची. मी शाळकरी पोर. मला दुकानदाराचा नाही, आजीचाच राग यायचा. त्या रागातली चूक पुढे इतिहास वाचताना कळली.

महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्याआधीची काही वर्षं मात्र विस्मरणात जातात. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 साली मंजूर झाला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी हक्क कागदावरच राहिला. पाण्यापर्यंत पावलं गेली ती 20 मार्च 1927 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग.

मधल्या काळात पावलं का अडली? पहिलं कारण भीती, आणि ती खोटी नव्हती. त्याच दिवशी परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या. पुढे तळं 'शुद्ध' करून घेण्यात आलं. पण पिढ्यान्‌पिढ्या भीतीत काढल्या, की ती अंगवळणी पडते. आपली पायरी हीच, असं माणूस स्वतःलाच सांगू लागतो.

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. म्हणून महाडला पाण्याच्या हक्काबरोबर मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळे तुकडे मागू नका, हेही बजावलं गेलं. डिसेंबरमधल्या दुसऱ्या परिषदेत त्यांनी स्त्रियांना सांगितलं, की जातीची खूण पटवणारं लुगड्याचं नेसणं आणि दागिने टाकून द्या. 'जोहार' जाऊन 'जय भीम' आला, तोही याच वाटेवर. वाकून घातलेल्या नमस्काराची जागा ताठ मानेच्या अभिवादनानं घेतली.

हे केवळ आपल्याकडचं नाही. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली बाहुली कोणती, असं विचारल्यावर बहुतेकांनी गोरीकडे बोट दाखवलं. वेगळ्या शाळांमुळे मुलांच्या मनात न्यूनगंड रुजतो, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 17 मे 1954 च्या निकालात मान्य केलं आणि क्लार्क यांच्या संशोधनाचा दाखलाही दिला.

आता आजीकडे पाहतो तेव्हा वाटतं, ती भित्री नव्हती. कधीकाळी जीव वाचवणारा धडा तिनं नीट गिरवला होता. धोका ओसरला तरी हाताला तो विसरता आला नाही, इतकंच. म्हणून अशा माणसावर रागावू नये. तो धडा कुणी शिकवला, ते आधी विचारावं.

जुलै 1942 मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आयांना सांगितलं होतं, की मुलांच्या मनातला न्यूनगंड काढा, त्यांच्यात महत्त्वाकांक्षा जागवा. आजीनं ते भाषण ऐकलं नव्हतं. पण माझ्या धाकट्या बहिणीला दुकानात पाठवताना ती तिच्या मुठीत पैसे कोंबायची आणि दर वेळी बजावायची, "हातात दे गं. खाली ठेवू नको."