पिंपरी कॅम्प : सिंधी समाज

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हिंदू सिंधींची पुणे जिल्ह्यातील वसाहत. पुणे–लोणावळा लोहमार्ग आणि पवना नदी यांच्या दरम्यान वसलेली. शगुन चौक, साई चौक हे तिचे गजबजलेले भाग.

पूर्वपीठिका : सिंध ब्रिटिशांनी १८४३ मध्ये जिंकला. १८४७ ते १९३६ या काळात तो मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे मराठी माणसाचा या प्रांताशी संबंध फाळणीच्या बराच आधीचा आहे. कराचीतील नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कूल एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाते. पंजाब व बंगालप्रमाणे सिंधची वाटणी झाली नाही. सगळा प्रांत पाकिस्तानात गेला. ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतील दंगलीनंतर स्थलांतराला वेग आला. बोटीने मुंबईला उतरलेल्यांची सोय कल्याण (पुढे उल्हासनगर), देवळाली, पिंपरी आदी ठिकाणच्या छावण्यांत करण्यात आली.

पिंपरी तेव्हा खेडे होते. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची, औद्योगिक विकास महामंडळाची १९६२ ची, पिंपरी-चिंचवड नगरपालिकेची १९७० ची. म्हणजे कॅम्प हा उद्योगनगरीचा शेजार म्हणून आला नाही. तो तिच्या आधीचा आहे. शहराचा इतिहास लिहिताना हा क्रम ध्यानात ठेवायला हवा.

मालमत्ता : मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई व पुनर्वसन यांसाठी १९५४ चा केंद्रीय अधिनियम लागू झाला.

व्यापार : कापड, लग्नाचा बस्ता, किराणा. मावळातली कुटुंबेही खरेदीला येतात.

धर्माचरण : झूलेलाल (उदेरोलाल) हे जलदैवत. सिंधमध्ये मुसलमानही त्याला जिंदा पीर म्हणून मानत. सिंधी हिंदूंवर नानकपंथाचा ठसा खोल आहे, आणि त्यांच्या अनेक दरबारांत (प्रार्थनास्थळांत) गुरुग्रंथसाहिबाचे पाठ परंपरेने होत आले आहेत. मूर्तिपूजा, सूफी भक्ती आणि गुरुबाणी एकाच घरात नांदतात; अभ्यासक याला वेगवेगळी नावे देतात.

चेटीचंड हा चैत्र शुद्ध द्वितीयेचा, बहुधा गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी येणारा, सण. त्यात बहराणा काढतात. परातीत कणकेचा दिवा, भोवती खडीसाखर, वेलदोडे, लवंगा, फळे; शेजारी पाण्याचा कलश, त्यावर नारळ, पाने व फुले. ढोल-शहनाईच्या तालावर छेज नाचत मिरवणूक पाण्याकडे जाते. तिथे तांदूळ-साखरेचा ‘अखो’ वाहतात आणि पदर किंवा उपरणे पसरून पल्लव गातात, म्हणजे सर्वांसाठी मागणे मागतात. शेवटी दिवा पाण्यात सोडतात. गोड भात (ताहिरी) व हरभरे हा प्रसाद. सिंधू मागे राहिली, पण हा विधी वाहत्या पाण्यावर अडलेला नाही: नदी, तलाव, विहीर यांपैकी जे जवळ असेल ते चालते. घरदार सुटलेल्या लोकांना तो जसाच्या तसा पाळता आला याचे मोठे कारण हेच. पिंपरीत पवनेवरील एक घाट झूलेलाल घाट म्हणून ओळखला जातो; गणेशविसर्जनही तिथेच होते.

पावसाळ्यात चालिहो हे चाळीस दिवसांचे व्रत. श्रावणात थदडी: आदल्या दिवशी केलेले लोलो, कोकी खायचे, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. भगत हा गायन-नृत्य-कथनाचा प्रकार आणि लग्नातली लाडा ही गाणी यांची नोंद स्वतंत्रपणे व्हायला हवी.

आहार : दाल-पकवान, साई भाजी, सिंधी कढी, पापड.

भाषा : सिंधी १० एप्रिल १९६७ रोजी आठव्या अनुसूचीत आली. १८५३ मध्ये ठरलेली ५२ अक्षरांची अरबी-सिंधी लिपी की देवनागरी, हा वाद भारतात मिटलेला नाही. भाषेला स्वतःचे राज्य नाही, त्यामुळे तिचा भार घर, शाळा व दरबार यांच्यावरच पडला. नव्या पिढीतील अनेकांना सिंधी बोलता येते, अरबी वळणाची लिपी वाचता येत नाही. घरातील जुनी पत्रे, हिशेबवह्या, छावणीतील कागद या लिपीत असतील, तर ते वाचता येत नाहीत म्हणून कुटुंबांनी टाकून देऊ नयेत. वाचणारी माणसे हयात आहेत तोवर त्यांच्याकडून उतरवून घ्यावेत.