ट्रामने हुसकावलेली सुई : कुलाबा ते अलिबाग

नोएडात मेट्रोच्या उन्नत मार्गाखाली एखाद्या खांबाला खेटून उभे राहावे आणि तळहातावर साधे होकायंत्र धरावे. सुई थोडी थरथरून स्थिर होते. पण ती दाखवते ती उत्तर दिशाच असेल, याची खात्री देता येत नाही. दोष विजेचा नसतो. मेट्रोला मिळणारा प्रवाह प्रत्यावर्ती असतो, सेकंदाला पन्नास आवर्तने करणारा. त्याच्यामागे धावणे सुईला जमत नाही. तिला फसवते ते खांबाच्या काँक्रीटमधले पोलाद. थोडे मोकळ्यावर सरकले की ती पुष्कळशी सावरते. मुंबईत मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी विजेने सुईला खरोखरच गाव सोडायला लावले.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली, ती खगोलीय वेधांसाठी आणि बंदरातील जहाजांना अचूक वेळ कळावी म्हणून. पुढे युरोपात गाउस आणि वेबर यांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध अनेक ठिकाणी एकाच वेळी घेण्याची पद्धत घालून दिली. ब्रिटनलाही त्याची निकड होती. होकायंत्राची सुई भौगोलिक उत्तरेपासून किती ढळते, याचे कोष्टक नसेल तर समुद्रावरचे जहाज चुकते. आणि हा ढळ जागेगणिक व वर्षागणिक बदलतो. म्हणून साम्राज्यभर चुंबकीय वेधशाळांची साखळी उभी राहिली. कुलाब्यात १८४१ पासून चुंबकीय नोंदी होऊ लागल्या.

या कामात दोन मराठी नावे अगदी आरंभापासून आहेत. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेची जबाबदारी सांभाळली. त्यांचे शिष्य केरो लक्ष्मण छत्रे वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली, दरमहा पन्नास रुपयांवर तेथे साहाय्यक म्हणून लागले. टिळक-आगरकरांचे गणिताचे गुरू म्हणून केरूनाना सर्वांना ठाऊक आहेत. दिवसरात्र ठरल्या वेळी उपकरणाशी बसून आकडे टिपणारा तो कोवळा वेधकर्ता मात्र चरित्रांतून दोन ओळींत आटोपतो. हे न्याय्य नाही. त्या काळी चुंबकीय वेध ही चिकाटीची परीक्षा होती. अशा उपकरणांत चुंबकपट्टी बारीक धाग्याला टांगलेली असे. धाग्यात पीळ राहिला तर पट्टी पृथ्वीबरोबर धाग्याचेही ऐकते. दोराचा पीळ काढल्याशिवाय गाठ नीट बसत नाही, हे गिर्यारोहकाला ठाऊक असते. इथे तोच पीळ अंशाच्या लहानशा भागाची चूक घडवी. पट्टीचा हेलकावा मोजायचा, तापमानाची दुरुस्ती करायची, वहीत आकडा मांडायचा आणि पुढच्या वेळेची वाट पाहायची.

या चिकाटीचे मोल १८५९ मध्ये दिसले, पण ते कळायला जवळजवळ दीडशे वर्षे जावी लागली. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावरील डागांपाशी अचानक पांढरा लखलखाट दिसला. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले. युरोप-अमेरिकेत तारयंत्रे बिघडली. कुलाब्यात त्या दिवशी नेहमीप्रमाणे वही उघडी होती. सुई अस्वस्थ झाली की वेधांमधले अंतर कमी करण्याची तेथे रीत होती, म्हणून ऐन वादळातील आकडेही हाती आले. अमेरिकेतील ब्रूस त्सुरुतानी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील लखिना व अ‍ॅलेक्स आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये त्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. आडव्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट झाली होती. मुंबईच्या एकूण आडव्या क्षेत्राच्या मानाने ही घट चार टक्क्यांच्या आसपास भरते. तासाभराची सरासरी घेतल्यास हा आकडा बराच खाली येतो, म्हणून वादळाच्या तीव्रतेबद्दल मतभेद आहेत. तरी आज उपग्रह आणि वीजवाहिन्यांना सौर वादळाचा धोका किती, हे मोजताना कुलाब्याच्या त्या वहीकडे पाहावे लागते. गंमत अशी की त्या दिवशी मुंबईत कुणी होकायंत्र घेऊन वाट शोधत असता, तर त्याला बहुधा काही जाणवलेही नसते. क्षेत्राची तीव्रता थोडी घटली तरी हातातली सुई तीच दिशा दाखवत राहते.

१८९६ मध्ये नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यासमोर उभे राहिलेले संकट सूर्याकडून आलेले नव्हते. मुंबईतील घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवण्याचे ठरत होते. त्या ट्रामला लागणारा प्रवाह एकाच दिशेचा; तो रुळांतून परत जाताना काही अंशी जमिनीत झिरपतो आणि प्रत्येक गाडी सुरू होता-थांबताना आपले लहानसे चुंबकीय क्षेत्र मागे सोडते. वाटसरूच्या होकायंत्राला त्याची फिकीर नसते. पण नॅनोटेस्लांत मोजणाऱ्या उपकरणाला सूर्याचा परिणाम कोणता आणि ट्रामचा कोणता, हे वेगळे काढता येत नाही.

शहराला ट्राम हवी होती आणि ती मागणी अवाजवी नव्हती. मूस यांनी समुद्रापलीकडे, मुंबईच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवर असलेले अलिबाग निवडले. तेथील इमारतींसाठी लोहांश नसलेला पोरबंदरचा दगड वापरला. लोखंडी खिळाही चालणार नव्हता, म्हणून जोडकामात तांबे-पितळ आले. पण त्यांचा खरा शहाणपणा दगडात नव्हता. नुसती उपकरणे उचलून नेली असती तर साठ वर्षांची मालिका तेथेच तुटली असती. कारण दोन जागांचे चुंबकीय क्षेत्र मुळातच सारखे नसते. आकडा बदलला तो पृथ्वी बदलली म्हणून की जागा बदलली म्हणून, हे सांगायचे कसे? त्यासाठी एप्रिल १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले. दोन्हींतला फरक नक्की झाला आणि जुनी मालिका नवीला जोडली गेली. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली, तेव्हा कुलाब्याचे चुंबकीय काम अलिबागेत बिनबोभाट सुरू होते. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील नोंदी विवेचनासह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. केरूनानांचे जन्मगाव नागाव तेथून काही मैलांवरच आहे. हे कौतुक पाहायला ते उरले नव्हते, १८८४ मध्येच ते वारले होते.

अशाच दीर्घ नोंदींमुळे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवर चुंबकीय ढळ छापता येतो. आज नोएडात तो सुमारे एक अंश पूर्वेकडे, तर मुंबईत जवळजवळ शून्य आहे. एक अंश दुर्लक्षिला तर किलोमीटरमागे माणूस सतरा-अठरा मीटर बाजूला जातो. सह्याद्रीतल्या धुक्यात तेवढ्याने पायवाट हुकू शकते. सुई क्षितिजाखाली झुकते तो कोनही जागेप्रमाणे वेगळा असतो. दिल्लीकडे तो चाळीस अंशांहून अधिक, अलिबागेत तीसच्या आत. म्हणून दूरच्या अक्षांशांसाठी तोललेले होकायंत्र इथे तबकडीला घासू लागते.

मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी कायमची बंद झाली. तरी सुया कुलाब्यास परतण्याचा प्रश्नच नव्हता. १९२५ पासून मुंबईच्या उपनगरी आगगाड्याही एकदिश प्रवाहावर धावू लागल्या होत्या, आणि त्यांचा प्रवाह १५०० व्होल्टचा होता.