उपकारस्तुति : मराठी ख्रिस्ती नित्योपासनेचें एक प्रकरण

मराठी ख्रिस्ती मंडळींच्या बोलण्यांत व त्यांच्या पवित्र शास्त्राच्या भाषांतरांत ‘उपकारस्तुति’ हा शब्द वारंवार येतो. सकाळीं उठल्यावर, पानावर बसतांना आणि रात्रीं निजण्यापूर्वीं देवानें केलेले उपकार आठवून त्याची स्तुति करावयाची, हा त्याचा नित्याचा अर्थ. शब्द साधा आहे; परंतु त्याच्या पोटीं महाराष्ट्राच्या धर्मेतिहासांतील एक अवघड प्रश्न दडलेला आहे. उपकार मानावयाचे ते कोणाचे, देवाचे कीं अन्न घालणाऱ्या माणसाचे? या प्रश्नाचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही चाल अर्वाचीन मिशनऱ्यांनीं नवी काढलेली नव्हे. प्रभुभोजनाच्या विधीस ग्रीक भाषेंत ‘युखारिस्तिया’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थच उपकारस्मरण. ‘दिदाखे’ हा आरंभींच्या ख्रिस्ती मंडळींचा एक लहानसा ग्रीक ग्रंथ आहे. त्यांत प्याला व भाकर यांवर करावयाच्या उपकारप्रार्थना दिलेल्या असून, प्रभूची प्रार्थना दिवसांतून तीन वेळां म्हणावी अशी आज्ञा आहे. संत पौलानें फिलिप्पै येथील मंडळीस बंदिवासांतून जें पत्र लिहिलें, त्यांतही आभारासह प्रार्थना करण्याचा उपदेश आहे. तेव्हां सुखाचे दिवस आले म्हणून आभार, असा हा व्यवहार मूळचाच नाहीं. दिवस कसाही जावो, नेम चुकूं नये, असें त्याचें स्वरूप आहे.

आपल्या भाषेंतील ख्रिस्ती स्तुतीचा जुना व मोठा ग्रंथ म्हणजे फादर स्टीफन्स याचें ख्रिस्तपुराण. हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला आणि साष्टींत त्यानें आयुष्याचा मोठा भाग घालविला. त्याचें पुराण १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्याच्या ओव्या सुमारें अकरा हजार आहेत. लिपि परकी असली तरी छंद येथलाच होता. जें नित्य म्हणावयाचें व ऐकावयाचें तें कानाच्या ओळखीचें असावें लागतें, हें त्या परदेशस्थ साधूनें ओळखिलें होतें, असेंच म्हणावें लागतें.

देशावरील इतिहास निराळ्या वळणानें गेला. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत अनेक अनाथ मुलें मिशनांच्या आश्रयास आलीं व तेथेंच वाढलीं. ‘पोटासाठीं बाटले’ हा टोमणा त्यांच्या वाट्यास आला. तो कठोर होता खरा. पण त्यांतील शंका अगदींच पोकळ होती असें इतिहास लिहिणारानें म्हणूं नये. उपकार या शब्दास आपल्या भाषेंत ओझ्याची छटा आहे. माणूस उपकाराखालीं दबतो असें आपण म्हणतों. भुकेल्या मुलास दाता कोणता आणि देव कोणता हें कोणी समजावून द्यावें?

पंडिता रमाबाईंचें चरित्र या ठिकाणीं विचारांत घेण्याजोगें आहे. १८७० नंतरच्या दशकांत, दुष्काळाच्या दिवसांत, त्यांचे आईबाप व बहीण हीं गेलीं. पुढें याच बाईंनीं १८९७ च्या सुमारास मध्यप्रांतांतून व १९०० सालीं गुजराथेंतून दुष्काळग्रस्त मुली केडगांवच्या ‘मुक्ति’ संस्थेंत आणिल्या. अन्न मिळालें म्हणून देव दयाळु, असें म्हणणें त्यांस सोपें नव्हतें. कारण ज्यांस तें मिळालें नाहीं तीं त्यांचींच माणसें होतीं. अशा घरांत जी उपकारस्तुति झाली, ती केवळ भरल्या पोटाची भाषा मानतां येत नाहीं. शास्त्र बायाबापड्यांस आपलें आपण वाचतां यावें, म्हणून त्यांनीं बायबलचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. बाई १९२२ सालीं वारल्या. भाषांतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें.

दुसरें उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला आणि घर मोडलें. लक्ष्मीबाई कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. त्या काळची हकीकत त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत सांगितली आहे. पुढें टिळकांनीं अभंग, भजन व कीर्तन हीं ख्रिस्ती उपासनेंत रुजविलीं. त्यामुळें आभार मानणाराच्या तोंडीं त्याच्या आजाची भाषा परत आली. १९१७ सालीं त्यांनीं मिशनचें वेतन सोडलें व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही स्थान होतें. ९ मे १९१९ रोजीं ते वारले. त्यांचे अभंग आणि त्यांचा हा वेतनत्याग हीं एकाच सूत्रांत ओवलेलीं आहेत, असें आमचें मत आहे. कृतज्ञता देवाची असावयाची तर ती कोणाच्याही पगारावर अवलंबून असतां कामा नये. आणि ती रोजची असावयाची तर ती आपल्याच भाषेंत व आपल्याच चालींत झाली पाहिजे.

या विषयाच्या साधनांबद्दल दोन शब्द लिहून लेख पुरा करूं. किती मुलांस अन्नवस्त्र दिलें याचा हिशेब मिशनांच्या छापील अहवालांतून मिळूं शकतो. तीं मुलें मोठीं होऊन आपल्या घरीं दिवा लागल्यावर काय म्हणत, याची नोंद हिशेबाच्या कागदांत शोधणें व्यर्थ आहे. ती पदांच्या हस्तलिखित वह्यांत, कुटुंबप्रार्थनेच्या जीर्ण पुस्तकांच्या समासांत आणि वृद्धांच्या आठवणींत असते. असें बाड ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं तें रद्दींत जाऊं देऊं नये. देणाराची बाजू छापली जाते; घेणाराची बाजू जतन केली नाहीं, तर वरील टोमण्यास उत्तर द्यावयास इतिहासाजवळ साक्षीदार उरणार नाहीं.