वशिल्याचा भाव

२०११ सालच्या सुरुवातीला अमेरिकेत कुणी गूगलवर ‘ड्रेसेस’ असं शोधलं, की सगळ्यात वर जेसी पेनी दिसायचं. ‘बेडिंग’ शोधलं तरी जेसी पेनी, ‘एरिया रग्ज’ शोधलं तरी जेसी पेनी. कमाल म्हणजे ‘सॅमसोनाइट कॅरी ऑन लगेज’ असं कंपनीच्या नावासकट शोधलं, तरी खुद्द सॅमसोनाइटच्या वेबसाइटच्या वर जेसी पेनीच.

जेसी पेनी हे १९०२ सालापासूनचं डिपार्टमेंट स्टोअर. मोठं खरं, पण इतकं मोठं? न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार डेव्हिड सीगल यांनी एका जाणकाराला तपास करायला सांगितलं. ‘इव्हनिंग ड्रेसेस’, ‘लिटल ब्लॅक ड्रेस’ अशा शब्दांवरून जेसी पेनीकडे जाणाऱ्या लिंक्स तब्बल २,०१५ पानांवर पेरलेल्या सापडल्या. ही पानं कशाची? आजारांची, कुत्र्यांची, मासेमारीची, घोरण्यावरच्या उपायांची, दंतवैद्यांची. दाताचा डॉक्टर शोधणाऱ्या माणसाला काळा ड्रेस कशाला लागेल? नाहीच लागणार. त्या लिंक्स माणसांसाठी नव्हत्याच. त्या गूगलच्या यंत्राला दिसाव्यात, एवढ्यासाठीच होत्या.

याला बॅकलिंक विकत घेणं म्हणतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे या विषयावर ‘घ्यावी की न घ्यावी’ छापाच्या चर्चा कानावर पडतच असतात. पण हा बाजार मुळात उभा कसा राहिला, त्यात कमावलं कुणी आणि गमावलं कुणी, हे पाहिल्याशिवाय त्या प्रश्नाला अर्थ नाही, असं मला वाटतं.

शिफारशीचं गणित

गोष्ट सुरू होते ती इंटरनेटच्या कितीतरी आधी. १९५५ साली युजीन गारफील्ड यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक कल्पना मांडली. कोणत्या शोधनिबंधाचा दाखला पुढे कुणी कुणी दिला, याची सूची करायची. १९६४ साली त्यांच्या संस्थेने अशी सूची प्रसिद्धही केली. पुढे त्यावरून मोजमाप सुरू झालं. ज्याचे दाखले जास्त, तो निबंध महत्त्वाचा.

नव्वदच्या दशकात स्टॅनफर्डमधल्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी हाच विचार वेबला लावला. एका पानाने दुसऱ्या पानाला लिंक दिली म्हणजे शिफारस केली. पण सगळ्या शिफारशी सारख्या नाहीत. गावातल्या कुणीही सांगणं वेगळं आणि ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याने सांगणं वेगळं. म्हणून ज्या पानाला स्वतःला भरपूर वजनदार लिंक्स आहेत, त्याने दिलेल्या लिंकचं वजनही जास्त. या गणिताचं नाव पेजरँक.

त्या काळची बहुतेक सर्च इंजिनं पानावर शब्द किती वेळा आला हे मोजत. त्यामुळे लोक पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शंभर वेळा लिहून ठेवत. पेजरँकची ताकद अशी, की तुम्ही स्वतःबद्दल काय म्हणता याला महत्त्वच नाही. दुसरे काय म्हणतात ते बघायचं. हे खरोखर सुंदर होतं आणि त्यावरच गूगल उभं राहिलं.

मात्र १९९८च्या पेजरँकवरच्या मूळ निबंधात एक जागा आहे, तिथे मी दरवेळी थांबतो. पेज, ब्रिन आणि त्यांचे सहलेखक राजीव मोटवानी व टेरी विनोग्राड तिथे फसवणुकीच्या शक्यतेचा विचार करतात. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की फार तर कुणी महत्त्वाच्या साइट्सवर लिंक विकत घेईल, पण त्याला पैसे पडतात, म्हणून हा प्रकार आटोक्यात राहील.

चारही डोकी तल्लख, गणित पक्कं. फक्त एका गोष्टीचा अंदाज चुकला. ज्याला पैसे पडतात त्याला विद्यापीठात अडथळा म्हणतात. बाजारात त्याला गुंतवणूक म्हणतात.

हिरवी पट्टी

डिसेंबर २०००मध्ये गूगलने ब्राउझरसाठी टूलबार आणला. त्यात एक छोटी हिरवी पट्टी होती: उघडलेल्या पानाचा पेजरँक, ० ते १०. वापरणाऱ्याला उपयोगी पडावी म्हणून दिलेली ही सोय लिंकच्या बाजाराचा भावफलक झाली. तोवर शिफारशीचं वजन आतल्या आत होतं. आता ते सगळ्या जगाला दिसू लागलं. सहाच्या साइटवरची लिंक स्वस्त, आठच्या साइटवरची महाग.

इंजिनिअरिंग कॉलेजात गेलेल्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. प्राध्यापकांच्या बढतीसाठी छापलेले पेपर मोजायला लागले, तसे पैसे घेऊन काहीही छापणारे जर्नल्स उगवले. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा ‘आंतरराष्ट्रीय’ पेपर दोन दिवसांत छापून मिळतो, हे कॅन्टीनमध्येसुद्धा माहीत असतं. विश्वासाला आकडा चिकटवला की आकड्याचं दुकान निघतंच. गारफील्डची मोजणी आणि पेजची मोजणी या अर्थाने सख्ख्या बहिणी.

असं दुकान उघडपणे काढणारे पहिले प्रसिद्ध गृहस्थ म्हणजे ओक्लाहोमा सिटीचे बॉब मासा. त्यांच्या सर्चकिंग कंपनीने २००२च्या ऑगस्टमध्ये ‘पीआर ॲड नेटवर्क’ सुरू केलं. जास्त पेजरँकच्या साइट्सवर लिंक लावून द्यायची, त्याचे पैसे घ्यायचे आणि साइटमालकाला त्याचा वाटा द्यायचा. थोड्याच दिवसांत सर्चकिंगची हिरवी पट्टी आठवरून चारवर आली. मासा कोर्टात गेले. गूगलने मुद्दाम आपला धंदा बुडवला, अशी त्यांची तक्रार होती.

मे २००३मध्ये निकाल लागला आणि दावा फेटाळला गेला. न्यायालयाचं म्हणणं असं, की पेजरँक हे कोणती साइट किती महत्त्वाची याबद्दलचं गूगलचं मत आहे. मत खरं-खोटं ठरवता येत नाही आणि अमेरिकेच्या राज्यघटनेने मत मांडण्याच्या स्वातंत्र्याला संरक्षण दिलं आहे.

या निकालाचं वजन नीट लक्षात घ्या. तुमच्या दुकानापर्यंत गिऱ्हाईक पोचणार की नाही हे ठरवणारी गोष्ट कायद्याच्या भाषेत ‘मत’ ठरली. त्यामुळे तिथे तुमचं स्थान घसरलं तर दाद मागायची जागा एकच उरली: गूगल स्वतः.

नियम आणि दंड

जानेवारी २००५मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून ‘नोफॉलो’ ही खूण आणली. लिंकच्या कोडमध्ये ती टाकली की यंत्राने ती शिफारस धरायची नाही. ब्लॉगवरच्या कॉमेंट्समध्ये होणारा लिंकांचा चिखल थांबवणं हा तिचा पहिला हेतू. पण तीच पुढे जाहिरात आणि वशिला यांच्यामधली रेघ ठरली. पैसे देऊन लिंक घ्या, हरकत नाही. वाचकाने तिच्यावर क्लिक करावं, हीसुद्धा रीतसर जाहिरात. फक्त तिच्यावर खूण हवी. खुणेविना पैसे देऊन घेतलेली लिंक हा नियमभंग. २०१९मध्ये यासाठी ‘स्पॉन्सर्ड’ ही वेगळी खूणही आली.

जेसी पेनीच्या लिंक्सवर अशी खूण नव्हती. सीगल यांनी विचारणा केल्यावर गूगलने हाताने दंड लावला. ९ फेब्रुवारी २०११च्या संध्याकाळी सात वाजता ‘सॅमसोनाइट कॅरी ऑन लगेज’साठी जेसी पेनी पहिल्या क्रमांकावर होतं, दोन तासांनी ७१व्या. टाइम्सने ५९ शब्दप्रयोगांवर नजर ठेवली होती. १ फेब्रुवारीला त्यांतला सरासरी क्रमांक १.३ होता, १० फेब्रुवारीला ५२. आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं असं सांगून कंपनीने सर्चचं काम बघणाऱ्या फर्मला काढून टाकलं.

याच बातमीत एक तपशील आहे, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. जेसी पेनीचा नियमभंग गूगलला त्याआधी तीनदा आढळला होता. तरीही नाताळच्या खरेदीचा पूर्ण हंगाम कंपनीने वरच्या क्रमांकावर काढला. दंड झाला तो हंगाम संपल्यावर, आणि साधारण तीन महिन्यांत उठलाही. आता सांगा, सौदा तोट्यात गेला का?

कुणाला किती दिवस

या इतिहासातल्या शिक्षा शेजारी शेजारी ठेवून बघायला हव्यात.

जानेवारी २०१२मध्ये गूगलच्याच क्रोम ब्राउझरचा प्रचार करणारे पैसे देऊन लिहवलेले लेख उघडकीला आले. गूगलने स्वतःच्या क्रोमच्या पानाला निदान ६० दिवस खाली ढकललं.

फेब्रुवारी २०१३मध्ये ब्रिटनमधल्या इंटरफ्लोरा या फुलांच्या कंपनीने अनेक स्थानिक वृत्तपत्रांच्या साइट्सवर जाहिरातवजा लेख लावून लिंक्स मिळवल्याचं दिसलं. कंपनी स्वतःच्या नावाने शोधलं तरी सापडेना. मात्र हे झालं व्हॅलेंटाइन डे सरल्यावर, आणि ब्रिटनचा मदर्स डे येण्याआधी, ११ दिवसांत, कंपनी पुन्हा जागेवर होती.

त्याच वर्षी नाताळच्या दिवशी गाण्यांचे बोल देणाऱ्या रॅप जीनियसला दंड झाला. तिथे पैशांऐवजी ट्विटरवरच्या प्रसिद्धीच्या बदल्यात लिंक्स मागितल्या होत्या. दहा दिवसांत तेही परतले.

आता दुसरी बाजू. २४ एप्रिल २०१२ला गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला. बनावट लिंक्स असलेल्या साइट्स आता यंत्रच खाली ढकलणार होतं. माणसाने लावलेल्या दंडावर फेरविचाराचा अर्ज तरी करता येत असे. पेंग्विनच्या फटक्याला तशी सोयच नव्हती. साइट साफ करायची आणि पेंग्विन पुन्हा चालवला जाण्याची वाट बघायची. ऑक्टोबर २०१४नंतर तो पुन्हा आला थेट सप्टेंबर २०१६मध्ये. म्हणजे मधल्या काळात एखाद्या छोट्या दुकानदाराने सगळी घाण उपसली असेल, तरी त्याने जवळजवळ दोन वर्षं नुसतं बसून राहायचं. इंटरफ्लोराचे ११ दिवस आणि याची दोन वर्षं.

त्यातून आणखी धंदे निघाले. कालपर्यंत लिंक लावायचे पैसे घेणारे काही जण आता ती काढायचे पैसे मागू लागले. प्रतिस्पर्ध्याच्या साइटकडे मुद्दाम वाईट लिंक्स सोडायच्या, अशी भीती पसरली. ऑक्टोबर २०१२मध्ये गूगलला ‘या लिंक्स माझ्या धरू नका’ असं कळवण्यासाठी वेगळं साधन द्यावं लागलं.

आजचा हिशेब

सांगलीत माझा मावसभाऊ हळद आणि बेदाणा ऑनलाइन विकतो. मध्यंतरी त्याने एका एजन्सीचं पॅकेज मला व्हॉट्सॲपवर पाठवलं. पन्नास बॅकलिंक्स, ‘डीए ४०+’, आणि पहिल्या पानाची गॅरंटी. खाली त्याचा प्रश्न: “घेऊ का रे?”

मी त्याला जे सांगितलं ते या इतिहासातूनच आलेलं. “दादा, हा डीएचा आकडा गूगलचा नाहीच. तो मॉझ नावाच्या एका खासगी कंपनीचा आहे.” हिरवी पट्टी गूगलने २०१६मध्ये बंद केली, पण भाव सांगायला बाजाराला कुठला तरी आकडा लागतोच. पहिल्या क्रमांकाची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतः सांगतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे शिक्षेची तऱ्हा बदलली आहे. २०१६च्या पेंग्विनपासून गूगल बनावट लिंकबद्दल साइटला खाली ढकलण्याऐवजी बहुतेक वेळा ती लिंक मोजतच नाही. २०२२च्या डिसेंबरपासून हे काम स्पॅमब्रेन नावाची यंत्रणाही करते. हाताने लावलेला दंड अजून आहेच. पण बहुतेकांच्या बाबतीत पैसे गेलेले कळतसुद्धा नाहीत. नोटीस येत नाही, क्रमांक पडत नाही, काहीच होत नाही. एजन्सी म्हणते, “सहा महिने थांबा.”

फायदा होतच नाही, असं मी म्हणणार नाही. होत नसता तर हा बाजार वीस वर्षांहून जास्त टिकला नसता. पण तो फायदा भाड्याच्या घरासारखा आहे: मालकाने सांगितलं की निघायचं, आणि करारावर सही फक्त तुमची. मोठी कंपनी निघते, दुसरीकडे राहते, तीन महिन्यांत परत येते. तिचं नाव लोक गूगलशिवायही ओळखतात आणि ती दिसली नाही तर गूगलचंच हसं होतं. सांगलीचा बेदाणा दिसला नाही, तर कुणाच्याच लक्षात येत नाही.

शेवटी त्याच पैशांतून त्याने दोन पाककृती लिहिणाऱ्यांना बेदाण्याची पाकिटं पाठवली आणि एका ठिकाणी ‘स्पॉन्सर्ड’ अशी खूण लावून जाहिरात दिली. तिथून रोज पाच-सात माणसं येतात. आकडा लहान आहे, पण ती माणसं आहेत, आणि त्यांतली काही बेदाणा घेतात.

१९९८च्या निबंधातला तो अंदाज मला अजूनही नुसता चुकीचा वाटत नाही, भाबडा वाटतो. शिफारस आणि वशिला यांतला फरक आपल्याकडे कुणालाही सांगावा लागत नाही. शिफारस करणारा स्वतःचा शब्द पणाला लावतो, वशिला लावणारा दुसऱ्याची खुर्ची वापरतो. यंत्राला मात्र दोन्ही लिंक्सच दिसतात. गेली पंचवीस वर्षं गूगल तो फरक यंत्राला शिकवतंय, आणि त्या शिकवणीची फी बऱ्याचदा छोट्या दुकानदारांनी भरली आहे.